जहाजावर गेलेले बारशाचे फोटो

आमच्या घरात बाबांनी केलेले नियम पुष्कळ होते, पण त्यातला एक फक्त आमच्याच घरचा नव्हता. जहाजावरच्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही. दिघीपासून श्रीवर्धनपर्यंत ज्या ज्या घरातला कुणी बोटीवर कामाला आहे, त्या प्रत्येक घरात हा नियम थोड्याफार फरकाने पाळतात. तो बिचारा भर समुद्रात. त्याला येता येत नाही, काही करता येत नाही. मग उगाच त्याचा जीव टांगणीला कशाला लावा? बंदराला लागला की सांगू. तोवर सगळे ठीक आहे, गाय व्याली, आंबा मोहोरला, असे काहीबाही कळवत राहायचे.

माझा दादा मालवाहू जहाजावर फिटर आहे. इंजिन रूमच्या उकाड्यात त्याचे दिवस जातात, आणि एकदा गेला की वर्षातले बरेच महिने तो घरी नसतो. घरी आम्ही तिघे: बाबा, वहिनी आणि मी. आई जाऊन बरीच वर्षे झाली. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले मास्तर, आणि मी म्हसळ्याला एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवतो. शिकवताना माझा आवाज चढतो असे मुले म्हणतात. घरातही चढतो, असे वहिनी म्हणत नाहीत, पण त्यांच्या तोंडावर दिसते.

वहिनींचे दोनदा पोटातच गेले. पहिल्या वेळी दादा घरी होता. दुसऱ्या वेळी सातवा महिना लागलेला आणि दादा कुठल्याशा महासागरात. तेव्हा आम्ही नियम पाळला. रोज मेसेज टाकायचे काम माझ्याकडे होते. वहिनी बरी आहे, आत्ताच जेवली, आता झोपलीय, डॉक्टर म्हणाले सगळे छान. वहिनी त्या वेळी भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असायच्या. जहाज बंदराला लागल्यावर बाबांनी त्याला फोनवर खरे सांगितले. त्याने फक्त विचारले, "कधी?" बाबांनी सांगितले. "म्हणजे तुम्ही मला झोपलीय झोपलीय म्हणून सांगत होतात तेव्हा," एवढे म्हणून त्याने फोन ठेवला. पुढे घरी आल्यावर त्याने हा विषय काढला नाही. आम्हीही काढला नाही, आणि आम्हाला वाटले की मिटले.

त्यानंतर ही पोर झाली. दादा गेला तेव्हा वहिनींना पाचवा महिना होता. श्रीवर्धनला झाली, चांगली धडधाकट, आणि आवाज तर असा की सुईण काकू म्हणाल्या, ही ग्रामसभा गाजवणार. दादाला कळवले. त्याच्या जहाजावर नेट म्हणजे नावाला. मेसेज जायचा, तोही कधी संध्याकाळचा सकाळी पोचायचा. फोटो पाठवला की त्या फोटोवर ते गोल चक्र फिरत राहायचे आणि शेवटी फिरून फिरून थांबायचे. त्याने पोरीचे तोंड पाहिलेले नव्हते. त्याला आमच्या शब्दावर भागवावे लागत होते, आणि आमच्या शब्दाची किंमत काय झाली होती हे आम्हाला ठाऊक नव्हते.

आता तीटेचे सांगतो. पोर घरी आली त्याच दिवशी शेजारच्या काकी काजळाची डबी घेऊन आल्या. दोनदा गेलेले, त्यात तिसरी एवढी गोंडस, गालावर काळे टिंब हवेच. बाबा ओटीवर पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता ते म्हणाले, "काकी, डबी परत न्या. बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर हाय ह्ये. हितं तीट न्हाय, दृष्ट न्हाय, लिंबू-मिरची न्हाय. पोरीला खायला घाला आन् लसी टोचा." एरवी बाबा पुस्तकातले मराठी बोलायचे, पण अंगात आले की गावचे बाहेर यायचे. मी अर्थात बाबांच्या बाजूचा. मी वर आणखी काकींना जंतू आणि काजळातले शिसे यावर एक व्याख्यान दिले. वहिनी पोरीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दोनदा रिकाम्या हाताने घरी आलेली बाई त्या वेळी काय विचार करत असेल, हे आम्हा दोघा शहाण्यांपैकी कुणालाही सुचले नाही.

वहिनी बारावी शिकलेल्या. ग्रामपंचायतीत दाखले काढून देण्याचे काम मिळते का ते त्या बघत होत्या, म्हणून मी त्यांना माझ्या जुन्या लॅपटॉपवर शिकवायचो. त्याच्यावर लिनक्स होते. मी माउसला हात लावू देत नसे. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा आणि यंत्राकडून काम करून घ्यायचे, हेच खरे शिक्षण, अशी माझी ठाम समजूत. क्लासमधली मुले माझ्या पाठीमागे यावर काय बोलतात ते मला माहीत आहे. वहिनी मात्र मन लावून शिकल्या. ls म्हणजे काय काय आहे ते दाखव. mv म्हणजे इथून तिथे हलव, किंवा नाव बदल. आणि स्टार, म्हणजे ती चांदणी, म्हणजे सगळे. "वहिनी, एकेक नाव लिहीत बसायचं नाही. स्टार दिला की सगळे आले. कुणी मागे राहत नाही." हे वाक्य मी वर्गातही दर बॅचला म्हणतो.

बारशाचे, म्हणजे बाबांच्या भाषेत नामकरणाचे, फोटो वहिनींच्या फोनवर होते. फोन भरला होता. मी म्हटले, लॅपटॉपवर उतरवून घ्या, फोनमधले उडवा, आणि प्रत्येक फोटोला नाव द्या, म्हणजे दादाला कळेल कोण कोण आले होते. त्यांनी 'बारसे' नावाचा फोल्डर केला आणि पोरीला पायांवर झोपवून दुपारभर नावे देत बसल्या. मधेच हाक आली, "भावजी, ह्यो ऐकत न्हाय." बघितले तर त्यांनी थोरले मामा आणि मामी असे सुटे सुटे लिहिले होते. मी म्हटले, "मधे जागा सोडलीत की त्याला वाटतं वेगवेगळी माणसं आहेत. मधे रेघ द्या, मग मामा-मामी एकत्र राहतील." त्या हसल्या. म्हणाल्या, "आमच्या मामींला सांगते, कंपूटर पन त्यांना येगळा समजतो." बाकी त्यांना काही अडचण आली नाही. त्या काळ्या पडद्याचे एक आहे, काम नीट झाले की तो काहीच बोलत नाही. शाबासकीही देत नाही आणि शंकाही विचारत नाही.

म्हसळ्याचा एक खलाशी त्याच जहाजावर कुक म्हणून जाणार होता; जहाज बंदराला न लागता बाहेरच नांगर टाकणार आणि तो लाँचने चढणार. मुसलमान मोहल्ल्यातला, दादाच्या ओळखीचा. निघायच्या आदल्या दिवशी तो स्वतः आमच्याकडे आला. त्याच्याबरोबर सुक्या जवळ्याची चटणी दिली, आमसुले दिली, आणि एक पेनड्राइव्ह. 'बारसे' फोल्डर मी आख्खाच्या आख्खा त्यात टाकला होता. उघडून बघितला नाही. मला क्लासला जायची घाई होती आणि आपण टाकले म्हणजे टाकले, असा माझा स्वभाव. कुकने पोरीच्या मुठीत नोट कोंबली, दुआ दिली आणि तो गेला.

पुढे बरेच दिवस काही नाही. मग दादाचा मेसेज आला. "चटणी मिळाली. फोटो बघितले. पोर कुठाय?"

मला वाटले, चेष्टा करतोय. मी लिहिले, "आहे की. बघ नीट." दुसऱ्या दिवशी उत्तर आले. "मामा-मामी आहेत. बाबा भाषण करताना आहेत. जिलेबीचं ताट आहे. पाळणा आहे, रिकामा. पोर एकाही फोटोत नाही."

मी लिहिले की अरे, तिचे फोटो टाकायला विसरलो असेन. यावर त्याने जे लिहिले ते मी अजून विसरलो नाही. "जिलेबीचा टाकायला विसरला नाहीस. तिचाच विसरलास?" आणि खाली आणखी एक ओळ, "मागच्या वेळी पण सगळं छानच होतं."

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. आम्ही त्याला चांगले भाजले होते. आता आम्ही काहीही लिहिले, पोर खेळते, हसते, पालथी पडते, तर त्याचा अर्थ तिकडे उलटाच लागत होता. जितके छान लिहू तितकी त्याची खात्री पटत होती की पोर गेली आणि हे लोक मला बंदरापर्यंत झुलवतायत. पुढचे बंदर महिन्यावर होते.

एकदा त्याने कॅप्टनकडून परवानगी काढून उपग्रहाच्या फोनवरून फोन केला. मिनिटे मोजून दिलेली. आम्ही स्पीकर लावला, पोरीला मधे ठेवले. एरवी ही बाई दिवसाचे बारा तास घर डोक्यावर घेते. त्या दिवशी फोनकडे टक लावून बघत बसली. मी टाळ्या वाजवल्या. बाबांनी कविता म्हटली, तीही पहिलीच्या वर्गात म्हणतात तशी हातवारे करून. वहिनी म्हणत होत्या, "रड गं माझे बाय, येकदा रड." आणि म्हणता म्हणता त्याच रडायला लागल्या. तिकडून दादाचा आवाज आला, "तू का रडतेस?" वहिनींचे रडे आणखी वाढले. मी म्हटले, "दादा, ती खुशीने रडतेय," आणि माझे मलाच ते खोटे वाटले. फोन कटला. फोन कटल्यावर पोरीने जे भोकाड पसरले ते दिवे लागेपर्यंत. मला तिचा राग आला, खरेच आला, आणि दुसऱ्या क्षणी स्वतःची लाज वाटली.

त्यानंतर कुकचा मेसेज आला. "तुमचा भाई बरोबर जेवत नाय. काल इंजिनावर हात भाजून घेतलान. घरी कायतरी झालाय का? झालाय तर सांगा, मी सांभाळून घेईन त्याला. पण खरा सांगा." इंजिन रूममध्ये माणसाचे लक्ष ठिकाणावर नसले की काय होते, हे आमच्या किनाऱ्यावर कुणाला समजावून सांगावे लागत नाही. वहिनींनी तो मेसेज वाचला आणि त्या दिवशी चूल पेटली नाही. पोरीचे तोंड एकदा दाखवता आले असते तर सगळे मिटले असते. पण फोटो त्या नेटमधून जात नव्हता, आणि जो एकच मार्ग होता, त्या पेनड्राइव्हमध्ये, पोर नव्हती.

का नव्हती, ते शोधायला मी लॅपटॉप घेऊन ओटीवर बसलो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणून आधी आड तपासायला घेतला. ls टाकले. मामा-मामी, बाबांचे भाषण, जिलेबी. पोर नाही. पोरीच्या नावाचे पहिले अक्षर आणि पुढे स्टार दिला. यंत्र म्हणाले, असे काही नाही. मग मागे स्टार, पुढे स्टार आणि मधे तिचे नाव, म्हणजे तिच्या नावाच्या अलीकडे काहीही असो, पलीकडे काहीही असो, सापडलेच पाहिजे. यंत्र म्हणाले, नाही.

माझा आवाज चढला. "वहिनी, फोटो कुठे टाकलेत?"

"बारशातच हायत. मीच ठेवलेत."

"नाहीयेत. नाव काय दिलं होतंत?"

त्यांनी बाबांकडे एकदा बघितले. "तिचंच."

"तिच्या नावाचं इथे काहीही नाही. स्टार दिलाय मी. स्टारला सगळं दिसतं. तुम्ही उडवलेत फोटो, दुसरं काय! फोनमधले उडवताना इथलेही उडवलेत."

"न्हाय उडवले," त्या म्हणाल्या. "माज्या पोरीचं फोटो मी कशी उडवीन?" आणि पोरीला उचलून आत गेल्या. बाबांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितले. ते म्हणाले, "वर्गात ओरडतोस तसं घरात नको." मी त्यांनाही काहीतरी फटकन बोललो.

मग मी, नुसते बसवत नाही म्हणून, आवराआवर काढली. राग आला की काही लोक भांडी घासतात, मी फोल्डर आवरतो. ठरवले की राहिलेले फोटो नव्या फोल्डरमध्ये हलवायचे, एकेक उघडून बघायचे, एखाद्या कोपऱ्यात तरी पोर आली आहे का. mv दिले, पुढे स्टार दिला. सगळे हलले. मग हा रिकामा 'बारसे' काढून टाकू म्हणून rmdir दिले. हा हुकूम फक्त रिकामा फोल्डर काढतो, आत काही असेल तर हात लावत नाही.

यंत्राने काढायला नकार दिला. म्हणाले, फोल्डर रिकामा नाही.

मी पुन्हा ls केले. काही नाही. पुन्हा rmdir. रिकामा नाही. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, तोही मी रोज ज्याच्याबद्दल मुलांना बोलतो त्या गोष्टीचा. लिनक्समध्ये ज्या फाइलच्या नावाची सुरुवात टिंबाने होते ती फाइल लपलेली समजतात. साध्या यादीत ती दिसत नाही, आणि स्टारही तिला मोजत नाही. अगदी दोन्हीकडे स्टार दिले तरी नाही. पहिले टिंब तुम्ही स्वतः लिहिले तरच ती पुढे येते. हे मी परीक्षेत विचारतो, आणि ज्याला येत नाही त्याचे मार्क कापतो. पण टिंबाची नावे म्हणजे यंत्राच्या पोटातल्या सेटिंगच्या फायली, एवढेच माझ्या डोक्यात बसलेले. आपल्या घरातल्या पोरीच्या नावाआधी कुणी टिंब देईल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते.

ls ला सगळे, लपलेलेही, दाखवायला सांगितले. आणि आली. टिंब, आणि पुढे तिचे नाव. टिंब, तिचे नाव, आत्याच्या मांडीवर. टिंब, तिचे नाव, पाळण्यात. टिंब, तिचे नाव, आजोबा. ज्या ज्या फोटोत पोर होती त्या प्रत्येकाच्या कपाळी एकेक टिंब. मी पहिला उघडला. ती जांभई देत होती. मी एवढ्या मोठ्याने हाक मारली की वहिनी पोरीला तशीच काखोटीला मारून धावत आल्या.

त्यांना फोटो दिसले तेव्हा त्या खाली बसल्या. मी विचारले, या वेळी जरा हळू आवाजात विचारले, "वहिनी, नावाआधी हे टिंब का दिलंत?"

त्यांनी पदर सारखा केला. बाबा समोरच होते. मग खाली बघत त्या म्हणाल्या, "बाबा बोलले गालाला लावायची न्हाय. गालाला न्हाय लावली मी." पुढे म्हणाल्या, "जहाजावर परकी मानसं बघनार. कुनाची नजर कशी... दोनदा गेलंय माझं. मला कायतरी करायचं होतं."

मी बाबांकडे बघितले. मला वाटले आता प्रतिज्ञांचा उच्चार होणार, आणि खरे सांगतो, झाला असता तर त्या दिवशी मी वहिनींच्या बाजूने भांडलो असतो. बाबा जांभईच्या फोटोकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गालाला नाही लावली ना? मग माझं काही म्हणणं नाही." आणि चष्मा पुसायला लागले.

आणखी एक गोष्ट मला आता कळत होती. पेनड्राइव्हमध्ये टाकताना मी स्टार वापरला नव्हता. फोल्डर आख्खा उचलून टाकला होता, आणि आख्खा उचलला की लपलेलेही बरोबर जाते. म्हणजे फोटो दादाकडेच होते. काखेत कळसा नि गावाला वळसा. इतके दिवस तो ज्या फोल्डरकडे बघून झुरत होता त्याच फोल्डरमध्ये पोर होती. त्याच्या लॅपटॉपवरही बंदराबंदरातल्या व्हायरसच्या भीतीने मीच लिनक्स टाकून दिलेले, म्हणून त्यालाही ती दिसत नव्हती. मी लिहिले, "दादा, फोल्डर उघड. कंट्रोल दाबून धर आणि एच दाब. फोटो आतच आहेत, लपलेत. कसे ते नंतर सांगतो." पाठवला आणि आम्ही तिघे त्या फोनभोवती बसलो.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आले. "बघितले." मग, "नाक बाबांचं आहे." वहिनींनी तोंडावर हात धरला. मला वाटले सुटलो. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो, पोरीला वर उडवले. तेवढ्यात तिसरा मेसेज आला.

"हे बारशाचे आहेत. बारशाला ती होती हे कळलं. आता आहे का, ते खरं सांगा."

हसू तोंडातच राहिले. तो बोलतोय त्यात चूक काहीच नव्हती. फोटो तेव्हाचा सांगतो, आजचा नाही. आणि आजचे सांगायला आमच्याकडे शब्दांशिवाय काही नव्हते. मी फोन उचलला आणि लिहायला लागलो, दादा शपथ घेऊन सांगतो. मग पुसले. अशा शपथा मी मागच्या वेळीही घेतल्या होत्या.

बाबा म्हणाले, "आण इकडे."

इथे मला एक सांगितले पाहिजे. बारसे झाले त्याच्या पुढच्याच महिन्यात बाबांच्या छातीत कळ आली होती. दिघीच्या जेट्टीवरून फेरीबोटीने पलीकडे आगरदांड्याला, तिथून गाडीने अलिबागला, आणि डॉक्टरांनी लगेच स्टेंट बसवला. आता ते बरे होते, गोळ्या चालू होत्या, रोज बांधावरून फेरी मारत होते. दादाला यातले अक्षरही माहीत नव्हते. हॉस्पिटलच्या खाटेवरून बाबांनी पहिला हुकूम तोच सोडला होता, जहाजावर कळवायचे नाही.

बाबांना मोबाइलवर टाइप करायला आवडत नाही. एका बोटाने, शुद्धलेखन सांभाळत, मायन्यासकट लिहितात. त्यांनी लिहिले आणि पाठवायच्या आधी वर्गात वाचून दाखवावे तसे आम्हाला वाचून दाखवले. "चिरंजीवास अनेक आशीर्वाद. नामकरणाच्या पुढच्या महिन्यात मला हृदयविकाराचा झटका येऊन गेला. अलिबागला स्टेंट बसवला. तुला कळवू नका, असे मीच सांगितले होते. तंबाखू पूर्ण सुटलेली नाही. मागच्या वेळी तुझे मूल गेले तेव्हाही मीच सर्वांना खोटे बोलायला लावले. ते चुकले. तुझी मुलगी सुखरूप आहे."

"तंबाखू सुटलेली न्हाय?" वहिनी म्हणाल्या. हे आम्हालाही ठाऊक नव्हते.

बाबांनी मला पाठव असे न म्हणता स्वतःच बटण दाबले. मग फोन माझ्या हातात दिला आणि फेरी मारायला निघून गेले. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा लांब गेले, थेट खाडीच्या टोकापर्यंत, आणि परत आले तेव्हा खूप थकलेले दिसले. मला त्यांची काळजी वाटली, आणि मायाही आली. आयुष्यभर दुसऱ्याच्या चुका लाल शाईने काढलेल्या माणसाने स्वतःची चूक लिहून पाठवली होती.

उत्तर सकाळी आले. बाबांनीच मोठ्याने वाचायला सांगितले, म्हणून मी वाचले. दादाने बाबांना असे झाडले होते की एरवी घरात तसे करायची कुणाची छाती झाली नसती. स्टेंट एक का दोन? कुठली गोळी? पथ्य कोण बघतो? तंबाखूची पुडी कुठे लपवता मला माहीत आहे, माळ्यावरच्या पेटीमागे, ती आजच्या आज समुद्रात टाका. एवढ्या वयाचे झालात आणि पोरासारखे वागता. मला का नाही सांगितलं? मी काय मेलो होतो का? बाबा मान खाली घालून ऐकत होते. वहिनी उठून माळ्यावर हात घालून आल्या, पुडी खरेच पेटीमागे होती.

मी खाली सरकवले. एक ओळ उरली होती.

"पोरीला दात आला का?"

मी ती मोठ्याने वाचली. बाबांनी माझ्या हातातून फोन घेऊन वहिनींकडे दिला. वहिनींनी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग पोरीच्या तोंडात बोट घालून हिरडी चाचपली आणि एका हाताने लिहिले, "अजून न्हाय. पण हिरडी सुजलीय. रात्रभर रडते. कुणाला झोपू देत न्हाय."